सुभाषिताचा अर्थ आणि पाणी सुटायची वेळ

आता तुम्हीच सांगा, माणसाला राग येणार नाही तर काय होणार? आमच्या अंबरनाथच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे. वर मथळा 'आजचे सुभाषित', खाली सुभाषित, रोज माझ्या हातचं. कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली, पण शब्दांचा नाद काही सुटला नाही. एका सकाळी बघतो तर सेक्रेटरी मंगेशने मथळाच पुसलेला! वर काय, तर 'आजचा थॉट'!

"काका, दोन्ही एकच ना?"

एकच? माझं टाळकंच सटकलं! "रविवारी दहाला सगळ्यांना हॉलमध्ये बोलव. पाच मिनिटांत अर्थ सांगतो."

रविवारी निघताना बायको म्हणाली, "मी भाजी आणायला चाललेय. किल्ली तुमच्याकडे आहे. साडेदहाला पाणी सुटेल, त्याआधी घरी या. उद्या विहीणबाई जेवायला यायच्यात आणि पिंपात तांब्याभर पाणी नाही."

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही अर्धा तास. "पाचच मिनिटं गं!" म्हणालो आणि शब्दाचा मान म्हणून फोन बंद केला.

सुरुवात झकास झाली. "सु म्हणजे चांगलं. भाषित म्हणजे बोललेलं. मूळ संस्कृत. लक्षात घ्या, लिहिलेलं नव्हे, मनात आलेलं नव्हे, बोललेलं! एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, तेव्हा ते सुभाषित! थॉट काय, कुणालाही येतो. मंगेशलासुद्धा येतो!"

साडेदहा वाजले आणि पहिली रांग उठली. मग दुसरी. मंगेश तर चपला हातात घेऊन पळाला! मी पेटलोच. "जा, जा! आपल्या भाषेतला एक शब्द ऐकवत नाही तुम्हाला!" आणि रागाच्या भरात संस्कृत सोडून थेट पालीतल्या 'सुभासित' शब्दात शिरलो, समोर रिकाम्या खुर्च्या असताना.

एवढ्यात गेलेल्यांपैकी एकट्या मोहिनीआंटी परत आल्या, धापा टाकत. या आमच्या शेजारीण. माहेर उल्हासनगरच्या कॅम्प एकमधलं, बोलणं सिंधी-हिंदी. आल्या आल्या हात वर!

"आंटी, सवाल आखिर में!"

पुन्हा हात वर.

"आखिर में, आंटी!"

मग दोन्ही हात वर! अहो, माझा ऊर भरून आला. मराठी माणसं पळाली आणि ही बाई अर्थासाठी तळमळतेय! तिच्यासाठी म्हणून मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हिंदीतून.

"अब पूछो, आंटी."

"सवाल नहीं है, भाईसाब! भाभी कब से दरवाजे पे खड़ी है! चाबी तुम्हारी जेब में है!"

"मग पहले बोलना था ना!"

"बोलने दिया तुमने?"

धावत सुटलो. कुलूप काढलं, नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला. बायको भाजीची पिशवी घेऊन उभी. विहीणबाईंचं जेवण शेवटी आंटींनी दिलेल्या दोन कळश्यांवर निघालं.

सोमवारी खाली उतरलो तर फळ्याभोवती ही गर्दी! मथळा परत 'आजचे सुभाषित'. खाली बायकोचं अक्षर: 'बाहेर जाताना किल्ली शेजारी द्यावी.'

"वा काका!" मंगेश म्हणाला. "आज पहिल्यांदा तुमचं सुभाषित सगळ्यांना समजलं!"