खोली वाढवली

इस्पितळासमोरच्या रस्त्यावर ते हॉटेल उभं आहे. उभं म्हणायचं इतकंच. दुखणाईत माणूस भिंतीचा आधार घेतो, तसं ते शेजारच्या इमारतीला टेकलं आहे. तीन मजले, अंगाला अंग घासेल असा जिना, आणि दर मजल्यावर एक लांब बोळ, ज्यात भर दुपारीही दिवा लागतो. भिंतींना ओल. पाऊल टाकलं की फळ्या कुरकुरतात, नाही टाकलं तरी कुरकुरतात. मौज म्हणून तिथे कुणी उतरत नसे. समोर ज्यांचं माणूस खाटेला खिळलेलं, तेच यायचे, हातात पिशव्या आणि डोळ्यांत जागरण घेऊन. त्यामुळे त्या इमारतीत हसण्यापेक्षा नळाचाच आवाज जास्त.

तिथल्या किल्ल्या आक्काकडे होत्या. नवरा गेल्यावर लेकीला कडेवर घेऊन ती या दारात आली आणि इथलीच झाली. चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, उशा उन्हात टाकायच्या, किल्ली द्यायची, किल्ली घ्यायची. जिन्याखालच्या खोलीत ती राहिली, तिथेच लेक मोठी झाली, तिथूनच सासरी गेली. आक्का अंगाने दोरीसारखी होती, पण तिसऱ्या मजल्यावरून तिने हाक मारली की तळघरातल्या आचाऱ्याच्या हातातली पळी थांबायची.

असा मोठा आवाज, पण त्यातून कठोर शब्द कधी निघाला नाही. तिची आई सांगायची, बाहेर सोडलेला शब्द घर शोधत फिरतो, म्हणून वाईट शब्दाला तोंडाचं दार उघडू नये. आक्काच्या बोलण्यात दुकान बंद होत नसे, ते वाढवलं जाई. दिवा विझत नसे, मालवला जाई. बांगडी फुटत नसे, वाढत असे. आपल्या बोलीची ही जुनी माया. बाकीचे ती आठवली तर वापरतात. आक्का तिच्याशिवाय पाऊल टाकत नसे. पाहुणे कमी झाले की एखादी खोली काही दिवस मिटून ठेवायचे. गादी गुंडाळायची, नळ आवळायचा, पडदा ओढायचा, कुलूप घालायचं. मग आक्का जिन्यातून खाली ओरडायची, "कोपऱ्यातली खोली वाढवली रे!" म्हणजे तिथे आता चहा पाठवू नकोस.

आचारी दर वेळी तोच विनोद करायचा. "आक्का, अशीच वाढवत राहिलीस तर मालकाला वर चौथा मजला चढवावा लागेल!"

"आधी तुझं तोंड वाढव," आक्का म्हणायची.

सुट्ट्या लागल्या की नात यायची. आजीच्या मागे मागे, या खोलीतून त्या खोलीत. म्हणून सगळे तिला शेपूट म्हणत. दोघी चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहत, झटका देत, आणि चादर फुगून खाली बसेपर्यंत शेपूट खिदळत राहायची. त्या बोळात हसणारी तेवढी एकच.

एका हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावर दोघेच उतरले होते. एक लेखक. जुनी जागा, शांतता आणि स्वस्ताई बघून लिहायला आलेला, दार उघडं टाकून बसायचा. आचाऱ्याचा तो विनोद त्यालाही आवडायचा, तो आतूनच हसायचा. दुसरा कोपऱ्यातल्या खोलीतला म्हातारा घड्याळजी. त्याची बायको समोर इस्पितळात होती. खिडकीत खुर्ची ओढून तो तिच्या खिडकीकडे बघत बसायचा. शेपूट त्याच्या भिंगातून स्वतःचा अंगठा बघायची.

"शेपूट, तुझ्या आजीचं घड्याळ पुढे पळतं बघ," तो म्हणायचा.

"घड्याळ नाही आजोबा, आजीच पळते!"

एका सकाळी इस्पितळातला वॉर्डबॉय हॉटेलच्या दारात आला. "आक्का, कोपऱ्यातल्या आजोबांची बायको गेली. तुम्हीच सांगा. मला नाही सांगवत."

आक्का चहाचा ट्रे घेऊन वर गेली. ट्रे टेबलावर ठेवला. हात पुसले. नुसतेच, कोरडे हात. मग म्हणाली, "आजोबा, त्या शांत झाल्या."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. सगळा चेहरा सैल झाला. "झाली का शांत? बरं झालं. रात्रभर कण्हत होती बिचारी, मला इथे ऐकू येत असल्यासारखं वाटत होतं. झोपू दे तिला. मी जरा उशिरानेच जाईन."

त्याने कप उचलला आणि बऱ्याच दिवसांनी चवीने चहा प्यायला. आक्का समोर उभी. दुसरा शब्द, उघडा, हाडामांसाचा शब्द, तिच्या ओठांपर्यंत आला. त्याला बाहेर यायची सवय नव्हती. "तुमच्यासाठी गरम पाणी आणते," असं म्हणून ती खाली आली. बंबाजवळ उभी राहिली, मन घट्ट केलं, बादली उचलून पुन्हा जिना चढली. वर पोचली तेव्हा कप खिडकीच्या कट्ट्यावर होता आणि म्हाताऱ्याची मान छातीवर आली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीचंच थकलेलं होतं.

त्याला नेल्यावर तिने गादी गुंडाळली, नळ आवळला, पडदा ओढला, कुलूप घातलं. आणि सवयीने जिन्यात येऊन म्हणाली, "कोपऱ्यातली खोली वाढवली रे."

आचाऱ्याने विनोद केला नाही. जिन्यात नात उभी होती, तिने ते ऐकलं. दारात लेखक उभा होता, त्यानेही ऐकलं.

पुढे काही वर्षांनी त्याचं पुस्तक आलं. आक्काला वाचता येत नव्हतं, आचाऱ्याने भाजी निवडायची सोडून ते तिला वाचून दाखवलं. पुस्तकात एक हॉटेल होतं. तिथे कुणा पाहुण्याचा श्वास थांबला की सकाळी बोळात एक नवी खोली उगवलेली असे, आणि किल्ल्यांचा जुडगा हलवत एक म्हातारी जिन्यातून हाक देई, "खोली वाढवली." श्वास थांबायच्या आधी चहाही तीच आणून देई. पहिला पाहुणा घड्याळजी होता.

आचारी वाचता वाचता अडखळला. "अगं, गोष्ट आहे ती. पोटासाठी लिहितात माणसं."

"चहा मी नेला होता," आक्का म्हणाली. "तेवढं खरं आहे."

पुस्तक गाजलं, मालकाचे दिवस पालटले. इस्पितळाशी काही संबंध नसलेली तरणी माणसं येऊ लागली, बोळातली दारं मोजू लागली, गणित चुकलं की किंचाळू लागली. मालक म्हणाला, "आक्का, तुम्ही फक्त जुडगा हलवायचा आणि ते वाक्य म्हणायचं. एवढंच. देवाने घरबसल्या दिलंय." आक्काने मान हलवली, नाही म्हणून. मग तो स्वतःच कोपऱ्यातली खोली दाखवू लागला. तेव्हापासून आक्का खोल्या मिटून ठेवायची, पण जिन्यातून हाक मारायची नाही. मुकाट खाली येऊन आचाऱ्याला बोटाने वर दाखवायची.

हे सगळं तिने गिळलं असतं. पण सुट्ट्या लागल्या आणि शेपूट आली नाही. लेक फोनवर म्हणाली, शिकवणी आहे. पुढच्या सुट्टीत म्हणाली, ताप आहे. मग एक दिवस लेक एकटीच आली, खाटेच्या कडेवर बसली आणि खाली बघत बोलली.

"आई, तिने ते पुस्तक वाचलंय. मला विचारते, त्या सकाळी आजोबांकडे आजीशिवाय कोण गेलं होतं?"

"तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मी होते का तिथे? सासूबाई तर आगीत तेल ओतायला टपलेल्याच. म्हणतात, तुझ्या आईच्या हातचा चहा जपून पी."

आक्का म्हणाली, "तिला घेऊन ये. एकदाच. परत कधी मागणार नाही."

शेपूट आली तेव्हा आईपेक्षाही उंच झालेली होती. लेक दोघींना सोडून बाजारात गेली. आक्काने विचारलं, "चहा ठेवू?" आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"नको," नात म्हणाली. ती पूर्वी खाटेवर उडी मारून बसायची, आता दाराजवळच्या पेटीवर बसली. "आजी, मी विचारलं तर रागावशील?"

"विचार."

"ते आजोबा कसे गेले?"

आक्काने सांगितलं. वॉर्डबॉयपासून बादलीपर्यंत, काही गाळलं नाही, काही झाकलं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने तो शब्द वापरला. "त्याची बायको मेली होती. मला 'मेली' म्हणायचं होतं, मी 'शांत झाली' म्हणाले. त्याला वाटलं, दुखणं थांबलं. तो खूष झाला. मी त्याला तसाच खूष ठेवला, आणि तो मेला."

नात तिच्याकडे बघत होती. चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली, पाण्यातला गाळ खाली बसतो तशी. पण खाली काय उरलं ते आक्काला दिसत होतं.

"म्हणजे तू काही केलं नाहीस."

"नाही गं बाळा."

"काहीच केलं नाहीस," नात पुन्हा म्हणाली, आणि या वेळी ते शब्द वेगळे होते. "त्यांना शेवटचं भेटता आलं असतं. चेहरा तरी बघता आला असता. मी त्या दिवशी तिथेच होते आजी. मला सांगितलं असतंस तर मी सांगितलं असतं. पुस्तकातल्या म्हातारीला निदान माहीत असतं, ती काय करतेय."

"तो सुखात गेला, असं मी मनाला सांगत आले."

"तू सांगत आलीस. त्यांना कुणी विचारलं?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर तिघं-चौघं, हातात तेच पुस्तक. "ती किल्लीवाली म्हातारी इथेच राहते ना? एक फोटो हवा होता. आणि ते वाक्य म्हणेल का?"

नात उठली, दारात आडवी उभी राहिली. "ती म्हातारी पुस्तकात राहते. इथे माझी आजी राहते, आणि ती दमलीय." दार लावून घेतलं. आक्काला वाटलं, आता ती खाटेवर येऊन बसेल. ती पेटीवरच बसली, नखाने पेटीच्या कडेचा रंग खरवडत. वरच्या बोळात कुणी तरी मोठ्याने दारं मोजत होतं.

लेक परत आली. दोघींचे चेहरे बघून तिने पिशवी खांद्याला लावली. "चल, उशीर होतोय. आजीला सांग."

नातीने चपला घातल्या. वाकून आजीच्या हातावर क्षणभर हात ठेवला, थंडगार हात.

"जाते मी," ती म्हणाली.

लेकीने चटकन आक्काकडे पाहिलं. या दारातून कुणी 'जाते' म्हणून गेलेलं तिने लहानपणापासून पाहिलं नव्हतं. पाहुणा असो की पोस्टमन, आक्का त्याला उंबऱ्यावर अडवायची, 'येतो म्हणा' म्हणायची, आणि म्हणवून घेतल्याशिवाय सोडायची नाही.

आक्काने ओठ उघडले. पोरगी सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती.

"जा," आक्का म्हणाली, आणि दार उघडून धरलं.