गुलाबरावांच्या गाठी

नालवाडीत गुलाबरावांचा हात न लागलेला वीजबोर्ड शोधावाच लागेल. तीस वर्षं वायरमनचं काम केलं, पण रंगांशी त्यांचं कधी जमलं नाही. पूर्वी लोक लाल वायरचं एकच बंडल आणून टाकायचे, मग अख्ख्या घरात लालच लाल. कोणती कशाची, हे गुलाबराव टोकाला गाठ मारून ठेवायचे. बिनगाठीची फेज, म्हणजे जिता करंट आणणारी, एक गाठ न्यूट्रल, दोन गाठी अर्थिंग. हे त्यांनी कागदावर कधी उतरवलं नाही. डोकं शाबूत असताना लिहायचं कशाला, असा तोरा.

शेजारच्या शोभाबाईंनी गिझर आणला, तेव्हा गुलाबराव ऐटीत निघाले. सोबत मुलगी मयुरी, आयटीआय शिकलेली, हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये विजेचं काम पाहणारी. तिनं गिझरसाठी जाड वायर आणली होती. लाल, काळी, हिरवी.

गिझरमधून मात्र तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशी तीन टोकं बाहेर आली. गुलाबराव थबकले.

"निळी तं फेज असते न? लाल, पिवळी, निळी, तिन्ही फेजच. असंच शिकलो मी."

"ते तीन फेजचं, बाबा. या मशिनीत निळी न्यूट्रल हाये."

"एकच रंग तिकडं जिता अन् इकडं मेला? हे काऊन?"

मयुरीनं समजावलं. गुलाबरावांनी मान हलवली, पण समजलं काहीच नाही. रंगांचा नाद सोडून ते आपल्या गाठींकडे वळले. मेन बंद करून त्यांनी न्हाणीघराचा बोर्ड उघडला आणि दोन गाठींची वायर पुढे केली. "हे घे अर्थिंग."

मयुरीनं मीटर लावलं. अर्थिंगच्या खड्ड्यातून आलेली वायर एका गाठीची निघाली. एखादी गाठ चुकली असेल, म्हणून गुलाबराव हसले. शोभाबाईंचं स्वयंपाकघर नंतर बांधलेलं, त्याचा बोर्ड उघडला. तिथं अर्थिंग दोन गाठींची निघाली. आता मात्र ते हसले नाहीत. मधेच कधीतरी त्यांनी रीत बदलली होती. कधी? का? त्यांनी कपाळ चोळलं, चष्मा पुसला, गाठी पुन्हा मोजल्या. काही केल्या आठवेना.

"बाबा, हे उलटं जोडलं तं नळाचं पाणीबी झटका देईन," मयुरी हळूच म्हणाली.

शोभाबाई दारातच उभ्या होत्या. "तू काऊन घोळ करून राह्यली वो पोरी? गुलाबभाऊ म्हणतीन तेच खरं. तीस वर्षांत या घरात कोणाले चटका नाई बसला. सांगा भाऊ, कोणती जोडाची?"

गुलाबरावांनी पेचकसानं दोन्ही टोकं वेगळी केली. कुठलं तरी एक टोक उचलून दिलं असतं, तर बाईंनी डोळे मिटून गिझर लावला असता. त्या विश्वासाचीच त्यांना भीती वाटली.

"मले आठवत नाई, शोभाबाई," ते म्हणाले. "माह्या गाठीवर मलेच भरोसा नाई राह्यला."

मग त्यांनी पेचकस मयुरीच्या हातात दिला.

"सगळ्या वायरी काढ. तुह्या रंगाच्या टाक. मले एकएक रंग सांगत जाजो, मी वहीत लिहितो. मंग बाकीची घरं. त्यात पहिले आपलंच घर."