रॉकेलवरचं विमान

बी.एस्सी. झालेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची काळजीही मीच घेत होतो. सत्तरच्या दशकात, पदवी मिळाली त्याच वर्षी, आमच्या कुंभारी गावच्या गणपतीत मंडळानं माझं भाषण ठेवलं : विमानाचं इंजिन. विमान मी तोवर फक्त खालून पाहिलं होतं.

माझ्यापेक्षा वडिलांना घाई. ते सोलापुरात गिरणीत कामाला होते. माझ्या कॉलेजपायी चुलता त्यांना सारखा टोचायचा, "गिरणीत चिकटवला असता तर पोरगं एव्हाना हाताशी आलं असतं की!" त्याचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून वडिलांनी घरोघर आमंत्रण दिलं आणि चुलत्याला दंडाला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

इंग्रजी शब्द वापरायचा नाही, ही माझी प्रतिज्ञा. 'अक्षीय संपीडक', 'ज्वलनकक्ष', 'प्रणोद' असलं सगळं आरशापुढं घोटलेलं. मंडप चिडीचूप. कुणाला काही कळत नव्हतं आणि वडील खुशीत मान डोलावत होते. तिथंच थांबायचं, पण माझ्या अंगात गुरुजी शिरला.

"सोपं करून सांगतो," मी म्हणालो. "स्टोव्हला पंप मारता, आत दाब होतो, रॉकेल पेटतं, फर्रकन झोत निघतो. विमानात तसंच. हवा दाबायची, त्यात रॉकेल पेटवायचं, झोत मागं सोडायचा. विमान पुढं."

चुलता उठलाच. "रॉकेल? रेशनचं का?"

मंडप हसला. त्याच्याशेजारचे आजोबा आधी कानडीत पुटपुटले, "इष्टे?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढंच व्हय? मग आमची सून रोज सकाळी इमानच चालवती की!"

"आन एवढ्यासाठी कालेज!" चुलता म्हणाला.

वडिलांची मान खाली गेली. मी घसा खाकरला, छाती पुढं काढली. "तुमच्या सुनेच्या स्टोव्हात बहुटप्पी अक्षीय संपीडक आहे का?"

आजोबांनी विचार केला. "न्हाय बा."

"मग?"

एवढ्या एका 'मग'वर माझी पदवी वाचली. चुलता खाली बसला. वडिलांची मान वर आली.

घरी जाताना ते म्हणाले, "स्टोव्हचं काढायचं न्हवतं. ते तर मलाबी कळलं."

थोडं चालल्यावर ते थांबले.

"तो लांब शब्द पुन्यांदा सांग. सावकाश. उद्या गिरणीत लागंल."