टेंपो माझ्याकडे मजेत आहे

फोन आला तेव्हा मी आरशासमोर केस विंचरत होते आणि त्या दिवशीची गोष्ट मनात घोळवत होते. गोष्टीत टेंपो सिलिंडरवाल्याला आमच्या स्वयंपाकघरात कोंडून घालतो, सिलिंडरवाला ओट्यावर चढून बसतो आणि तिथूनच माझ्याकडे पावतीवर सही मागतो. सिलिंडरवाल्याचा आवाजही मी काढून बघितला होता, जरासा नाकातला. तेवढ्यात हॉस्पिटलच्या सिस्टरने विचारलं, "अनंतकाकांच्या बहीण ना तुम्ही?" पुढे तिने जे सांगितलं ते ऐकताना फणी केसांतच अडकून राहिली. दादाने सकाळी चहा मागितला होता. चहा येईपर्यंत तो गेला. याला आता सात आठवडे झाले. सिलिंडरवाल्याची गोष्ट सांगायची राहिली, असं मला त्या क्षणी वाटलं, हे लिहायला लाज वाटते. खरी लाज कशाची वाटायला हवी, ते पुढे येईलच.

टेंपो म्हणजे दादाचा कुत्रा. पण आधी दादा. अनंतदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, अंबरनाथच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर. माणसांशी जुळवून घ्यायला त्याला शब्द लागत नसत, पाना लागायचा. कुणाकडेही गेला की चहा येईपर्यंत त्यांचा गळका नळ नाहीतर डुगडुगणारं टेबल नीट करून ठेवायचा. मी त्याच्या अगदी उलट. कामगार नाट्यस्पर्धांत दोन-चार बक्षिसं मिळवलेली. बायका मला हळदीकुंकवाला बोलावतात त्या गोष्टी ऐकायला, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. आमचे वडील म्हणायचे, देवाने दोघांचे शब्द एकाच पिशवीत भरले आणि ती पिशवी मंदाच्या हातात देऊन तो निघून गेला.

वहिनी गेली आणि दादाचं होतं नव्हतं ते बोलणंही आटलं. मूलबाळ नव्हतं. बदलापूरला, खरवईत नव्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट, त्यात तो एकटा. टीव्ही बघायचा, पण आवाज बंद करून. मी विचारलं, आवाज का बंद केलास, तर म्हणाला, "काय बोलणार आहेत?" असं काही ऐकलं की माझ्यातली नटी गप्प बसत नाही. याचं काहीतरी केलंच पाहिजे, असं मी ठरवलं आणि कामाला लागले.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये लाजवंतीभाभींचं लेस-बटणांचं दुकान आहे. नाटकाच्या कपड्यांसाठी मी तिथे वर्षानुवर्षं जाते. दुकानाच्या वर त्यांचं घर आणि घरात कुत्री. रस्त्यावर सापडलेली, लोकांनी टाकून दिलेली कुत्री कायमचं घर मिळेपर्यंत त्या सांभाळतात. याला फॉस्टर म्हणतात, हे मला त्यांच्याकडेच कळलं. त्या दिवसांत त्यांच्याकडे एक भलामोठा तांबडा कुत्रा होता. एका बंद पडलेल्या टेंपोला बांधून कुणीतरी निघून गेलं होतं, म्हणून नाव टेंपो. आई कुठल्या जातीची, बाप कुठल्या, काही पत्ता नाही. दोघांपैकी एक घोडा असावा, असं माझं मत. त्याला तीनदा लोक घेऊन गेले होते आणि तीनदा परत आणून सोडून गेले होते. अंगात इतका जोर की कुणाला आवरायचा नाही.

दादाला मी खोटं सांगून तिथे नेलं. भाभींच्या शिलाई मशीनमध्ये काहीतरी अडकलंय, म्हटलं. दादा पान्यांची पिशवी घेऊन जिना चढला, वरून टेंपो सुटला आणि दुसऱ्या क्षणी माझा सदुसष्ट वर्षांचा भाऊ जिन्यावर बसलेला, चष्मा एका बाजूला, पिशवी दुसऱ्या बाजूला आणि छातीवर दोन पंजे. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दादा टेंपोच्या मानेखाली हात घालून काहीतरी चाचपत होता. "पट्टा घट्ट आहे," तो भाभींना म्हणाला. "घासतोय. म्हणून उसळतोय." मग जरा थांबून त्याने विचारलं, "याला ब्रेक नाही का?" कित्येक महिन्यांत त्याने विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी जिन्यातच रडले. नंतर सांगताना मी त्याचं हसू करून सांगत असे.

भाभी मात्र सहज देणाऱ्यातल्या नव्हत्या. खरवईला येऊन त्यांनी घर बघितलं, खिडक्यांचे गज हलवून बघितले, दादाच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग फॉर्म काढला. फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती : पाळणाऱ्याला सांभाळणं अशक्य झालं तर कुत्र्याची जबाबदारी कोण घेईल? मी पेन ओढून घेतलं आणि हात पसरून म्हटलं, मी आहे ना. भाभींनी कागदावर तळवा ठेवला. "दीदी, ड्रामे में साइन मत करो," त्या म्हणाल्या. "मी आहे ना असं सगळे बोलतात. सोचके करो." मी सोचके वगैरे काही केलं नाही. आपल्याकडे साक्षीदाराची सही मागितली की आपण करतो. कागद वाचणं म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणं, असं मानणाऱ्या घरातली मी. छान वळणदार सही ठोकली आणि पेढे वाटले.

पुढचं दीड वर्ष दादाचं होतं. टेंपो त्याला खरवईच्या गल्ल्यांतून, बांधकामांमधून, पलीकडच्या शेतांच्या बांधांवरून ओढत न्यायचा. लोक म्हणायचे, काका कुत्र्याला फिरवतात की कुत्रा काकांना? एकदा दोघे चिखलात पडले आणि तसेच घरी आले, वॉचमनने दोघांनाही ओळखलं नाही. दादाने कारखान्यातला जुना जाड पट्टा कापून, कडे ठोकून त्याच्या छातीला बसेल असं जोखड तयार केलं. चार वेळा उसवून पाचव्यांदा ते जमलं. समोरच्या शिंदेकाकूंशी, ज्यांच्याशी वहिनी गेल्यापासून तो नजर चुकवून वागत होता, तो आता टेंपोविषयी दारात उभा राहून गप्पा मारायचा. मला तर हेवा वाटायला लागला होता. दादा गोष्टी सांगायला लागला होता... तुटक, कोरड्या, पण गोष्टी.

मग दम लागायला लागला. फुप्फुसात पाणी झालं, बदलापूरला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. स्ट्रेचरवर बसता बसता त्याने टेंपोचा पट्टा माझ्या हातात दिला. "आठवडाभर," म्हणाला. बाकी काही नाही.

अंबरनाथला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. मी, माझे यजमान विलास, आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. पहिली रात्र टेंपो दाराशी बसून रडला. दुसऱ्या दिवशी सासूबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि तो आनंदाने त्यांच्याकडे धावला. त्या पडल्या नाहीत, विलासने धरलं, पण त्यानंतर त्या खोलीबाहेर येईनात. तिसऱ्या दिवशी मी टेंपोला रिक्षात घालून कॅम्प दोनला नेलं. भाभींनी त्याला आत घेतलं आणि विचारलं, "दादांना सांगितलं?" मी म्हटलं, हो. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्याकडे आठ कुत्री झाली होती, आणि बारवी धरणाजवळच्या पाड्यावरचं एक शेतकरी कुटुंब टेंपोला घ्यायला तयार होतं. "मोठी जागा आहे, पण दादांना पूछना पडेगा." मी म्हटलं, विचारलं, तो म्हणाला मोकळ्यावर राहील तर बरंच. हे मी दादाच्या आवाजात सांगितलं, तुटक, कोरडं. फार हुबेहूब जमलं. भाभींनी विश्वास ठेवला.

आणि हॉस्पिटलमध्ये दादा रोज विचारायचा, "टेंपो?" मी म्हणायचे, माझ्याकडे मजेत आहे. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याचा चेहरा उजळला आणि मला राहवेना. मी सांगितलं, टेंपोने पडदा ओढून अंगावर घेतला आणि नवरीसारखा घरभर फिरला. सांगितलं, कुकरची शिट्टी झाली की तो तोंड वर करून साथ देतो, त्यामुळे सासूबाईंच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि रोज भाताचा गोळा होतो. सांगितलं, सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून तो हरिपाठ ऐकतो. सगळं उभं राहून, हातवारे करून, आवाज काढून. दादा हसायचा, मास्कच्या आत वाफ धरायची, सिस्टर ओरडायच्या आणि मग त्याही ऐकत उभ्या राहायच्या. आयुष्यात मी कुठल्याही रंगमंचावर इतकं चांगलं काम केलेलं नाही.

बारवीला गेल्यावर पाचव्या दिवशी टेंपो पळाला. भाभींनी कळवलं तशी मी आणि विलास स्कूटरवरून पाड्यापाड्यांत फिरलो. एका म्हाताऱ्या बाईने भाताच्या खाचरातून मान वर करून सांगितलं, "तो तांबरा ना? दोरी तोरली नं गेला, बदलापूरचे आंगाला," आणि त्या बाजूला हात केला. आम्ही भाभींच्या गल्लीत शोधलं, आमच्या कॉलनीत शोधलं, मधल्या रस्त्यांवर शोधलं. खरवईला जावं हे मला सुचलं नाही. ते घर बंद होतं. बंद घराकडे कोण कशाला जाईल, असा मी माणसासारखा विचार केला. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन दादाला कुकरची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, त्याच्याच फर्माईशीवरून.

शेवटच्या दिवशी तो जरा बरा दिसत होता. गोष्ट संपल्यावर म्हणाला, "मंदा, त्याला खाली गेटपाशी आण. मी खिडकीतून बघतो. वर नको आणू, यांना आवरायचा नाही." मी म्हटलं, आणते. त्याने विचारलं, "उद्या?" मी म्हटलं, उद्या. रिक्षात बसल्यावर मी विचार करत होते तो हाच, की उद्या काय सांगायचं. टेंपोच्या पायात काटा गेलाय, की त्याला इंजेक्शन दिलंय? घरी येईपर्यंत ठरलं. सिलिंडरवाल्याची लांबलचक गोष्ट सांगायची, म्हणजे तो हसता हसता विसरेल.

दहाव्याला जो तो माझ्याजवळ येऊन म्हणत होता, निदान टेंपो आहे तुझ्याकडे. मी मान हलवत होते.

तीन आठवड्यांपूर्वी खरवईचं घर उघडायला गेले. कुलूप काढत होते तेवढ्यात शिंदेकाकू समोरून आल्या, चहा घ्या म्हणाल्या, दादाविषयी बोलत राहिल्या. दादा हॉस्पिटलमधून त्यांना फोन करायचा आणि माझ्या गोष्टी सांगायचा, पडद्याची, कुकरची. मग त्या म्हणाल्या, "ताई, एक गंमतच झाली बघा. काका हॉस्पिटलात होते तेव्हा अगदी टेंपोसारखं एक कुत्रं इथे येऊन बसलं होतं. हाडं दिसत होती, पाय सोललेले, गळ्यात दोरीचा तुकडा. दोन दिवस या दाराला चिकटून होतं. पोळी टाकली तर खाईना. मला वाटलंही, हा टेंपोच की काय. पण त्याच सकाळी काकांचा फोन आला होता, टेंपो तुमच्या सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून बसतो म्हणून. मग म्हटलं, हे दुसरंच कुणाचं तरी असणार. तिसऱ्या दिवशी गेलं कुठेतरी."

त्यांनी त्याला समोर बघितलं होतं. तरी माझी गोष्ट त्यांना जास्त खरी वाटली.

मी चहा घेतला, कप विसळून दिला. दादाच्या दाराला बाहेरच्या बाजूने, माझ्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत, रंग खरवडून लाकूड पांढरं पडलं आहे, आणि खाली उंबऱ्याशी कोपरा कुरतडलेला आहे. बारवीहून इथवर दहा-बारा किलोमीटर तरी असतील. दोरी तोडून, कुठल्या कुठल्या रस्त्यांनी, कुणाकुणाचे दगड चुकवत तो दादाकडे आला होता. दादाला सांगण्यासारखी गोष्ट ती होती. त्यात आवाज काढायची गरज नव्हती, हातवारे नव्हते. दादा, टेंपो घरी आलाय, एवढंच. आणि तो खरंच गेटपाशी दिसला असता. त्या दोन दिवसांत मी तिथून दोन किलोमीटरवर, दादाच्या पलंगाशी उभी राहून कुकरच्या शिट्ट्या वाजवत होते.

भाभींना मी खरं सांगितलं. तो फॉर्म अजून त्यांच्या गल्ल्याखाली आहे. विलास आणि मी अजून रविवारी बारवीच्या रस्त्याने जातो, विचारत. आता लोक नाही म्हणतात आणि कामाला लागतात.

आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी दुपारी मी खरवईला जाते. घर रंगवून विकायचं आहे, पण रंगाऱ्याला मी थांबवलं आहे. दादाची खुर्ची भिंतीशी आहे, टीव्हीचा आवाज अजून शून्यावर आहे. मी दार सताड उघडं टाकून समोर जमिनीवर बसते. जिन्यात पावलं वाजली की मान वर होते. कुणी शेजारी डोकावून विचारतात, काय ताई, एकट्याच, काहीतरी सांगा की... मला काही सुचत नाही. चार वाजेपर्यंत बसते, मग उठते. कुलूप लावायचं असतं. ते हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहते.