काळी एकची बारी

आमच्या गावात एखादा कसा गातो हे कुणी विचारायचं नाही. विचारायचे, कुठल्या पट्टीत गातो? पेटीवरच्या काळ्या पट्ट्या मोजत गेलं की पहिली ती काळी एक, खालच्या सुराची, आणि शेवटची ती काळी पाच, उंच सुराची. आमचं भजनी मंडळ काळी पाचचं. त्या सुरात, झांजांच्या कल्लोळावर आवाज चढवून जो गाईल तो खरा गडी. मी विशीतला, अंगात मस्ती, आणि काळी पाचमध्ये असा सुटायचो की शेजारच्या अष्टमी गावच्या बाजारातल्या दुकानदारांनाही कळायचं आज भजन आहे.

मंडळाचे बुवा म्हणजे माझे सख्खे काका. दिवसभर भाताची नाहीतर वालाची शेती, संध्याकाळी पेटी. मलाही पेटी त्यांनीच शिकवली. बोलताना त्यांचा आवाज कायम घोगरा, घासलेला. आम्हाला वाटायचं, बुवाचा आवाज असाच असायचा. लहानपणी मी मुद्दाम तसा आवाज काढून बोलायचो आणि आईचा धपाटा खायचो.

रोह्याच्या कॉलेजातून पदवी झाली आणि मी मुंबईला विद्यापीठात संगीत शिकायला जातो म्हटलं, तेव्हा वडिलांनी एकच विचारलं, संगीतवाल्याला कुठल्या कंपनीत घेतात? त्यांचंही चुकत नव्हतं. गावातली अर्धी पोरं धाटावच्या कारखान्यांत शिफ्ट करत होती. काका मात्र म्हणाले, जाऊ दे त्याला, आणि विषय मिटला.

प्रवेशाच्या दिवशी मी पेटी ओढली आणि काळी पाचमध्ये गजर ठोकला. समोर बसलेल्या गाण्याच्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, बाई पार गार झाल्या! बाईंनी पाण्याचा ग्लास भरून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, सकाळी उठल्यावर आवाज येतो का? मी फुशारकीने सांगितलं, भजन झालं की दोन दिवस बसतोच. बाईंनी प्रवेश दिला, पण अट घातली.

“वर्षभर काळी एकच्या वर जायचं नाही. गावी गेलास तरी नाही. तुला येत्या सप्त्यात गायचंय की म्हातारपणीही गायचंय, ते तू ठरव.”

मी मुळातला तापट. वसतिगृहावर जाऊन ट्रंक आपटली. काळी एकमध्ये माझा आवाज रेड्यासारखा निघायचा. वर्गातल्या बाकीच्यांनी लहानपणापासून परीक्षा दिलेल्या, स्वरलिपी झरझर लिहायचे. माझी बोटं पेटीवर त्यांच्यापेक्षा जलद चालायची, तेवढाच काय तो आधार. तर पेटी शिकवणाऱ्या सरांनी तिथेही पकडलं. मी भाता असा हाणायचो, जणू विहीर उपसायला घेतलीय. सर म्हणायचे, अरे, पेटी आपलीच आहे, पळून जात नाही. आठवडेच्या आठवडे मी एकेक सूर धरून बसायचो आणि मनातल्या मनात बाईंना शिव्या घालायचो. पण सकाळी उठल्यावर आवाज यायला लागला होता, हे काही मला नाकारता येईना.

माघात रोह्याला सप्ता होता आणि त्यात दुपारची डबलबारी, म्हणजे दोन मंडळांचा भजनाचा सामना. समोर पेणकडचं तगडं मंडळ. आमच्या मंडळाची सगळी भिस्त माझ्यावर. आठवडाभर आधी एसटीने गावी आलो आणि काकांना बाईंची अट सांगितली. काका “बघू” म्हणाले आणि वालाच्या शेतात निघून गेले.

तो आठवडा मला खायला उठला. संध्याकाळी मंडळ जमायचं, पण मला कुणी बोलावायचं नाही. काका पेणला जाऊन आले, ते कशाला हेही सांगितलं नाही. पारावरचे लोक टोमणे मारायचे, शिकायला गेला नि आवाज घालवून आला. आई म्हणाली, एका दिवसानं काय होतंय, गा की. मलाही तेच वाटायला लागलं. ज्या मंडळाने मला उभं केलं, त्याची भर रोह्यात नाचक्की करायची? त्यापेक्षा गळा गेला तरी चालेल, असं मी बारीच्या सकाळी ठरवून टाकलं. बाईंना कळणार कुठून?

देवळात बसलो. काकांनी पेटी पुढ्यात घेतली आणि सूर धरला. काळी एक.

मला वाटलं, बोट चुकलं. तर शेजारी पखवाज बोलला, त्याच सुरात. पखवाज आमचा नव्हता, थोराड तोंडाचा होता. काळी पाचचा पखवाज इतका खाली उतरत नाही, म्हणून काका पेणच्याच दुसऱ्या एका ओळखीच्या मंडळाकडून तो मागून घेऊन आले होते. आणि मला वगळून आठवडाभर जे चाललं होतं, ती खालच्या सुरात गायची तालीम होती. जन्मभर ओरडून गायलेली माणसं, झांजा दाबून धरून खालच्या सुरात साथ करत होती. मला कळलं असतं तर मीच नको म्हणालो असतो, हे काका ओळखून होते.

समोरच्या बुवांनी आमची यथेच्छ टर उडवली. मंडळाला आज जेवण नाही मिळालं का, म्हणाले. लोक हसले. काळी पाचचा मान मिरवणारे माझे काका मान खाली घालून पेटी वाजवत राहिले. मी गायलो, नीट गायलो, पण डोळे सारखे भरून येत होते. बारी आम्ही हरलो. परतताना कुंडलिका नदीच्या पुलावर मी काकांना विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, “तुला खाली यायचं व्हतं, तर आमी यायला नको?”

पुढचं सगळं त्या दुपारच्या जिवावर झालं. दुसऱ्या वर्षी बाईंनी एका कवितेला चाल लावायला दिली. इतरांच्या चाली देखण्या होत्या. मी काळी एकमध्ये संथ गजरासारखी चाल बांधली, आणि दुसऱ्या ओळीला अख्खा वर्ग आपणहून साथ करायला लागला. बाई म्हणाल्या, हे मी शिकवलेलं नाही, हे तू घरून आणलंस. नंतर रेडिओने मला नापास केलं, दोन नाटकवाल्यांनी फुकट राबवलं, आणि शेवटी रोह्यालाच शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागलो. वडील गावभर सांगत फिरले, पोरगा सरकारी कंपनीत लागला. आज साठी उलटली तरी मी रोज गातो, आणि काका नि बाई या दोघांची आठवण काढल्याशिवाय पेटी उघडत नाही.

एक राहिलंच. शेवटच्या वर्षाच्या माझ्या गाण्याला काका मुंबईला आले होते. कडक टोपी, हातात बाईंसाठी वालाची पिशवी. तोवर त्यांचं गाणं पार थांबलं होतं, बोलणंही कष्टाने व्हायचं. मी तासभर गायलो. गाणं संपल्यावर काका बाईंपुढे जाऊन उभे राहिले. वालाची पिशवी त्यांच्या हातात दिली.

मग म्हणाले, “बाई, ह्याला तुमी वेळेत सांगितलंत. मला कोणी सांगितलं नाय.”

तो घोगरा आवाज मी जन्मभर ऐकत आलो होतो, लहानपणी त्याची नक्कल करत होतो. तो कशाने झाला, हे मला त्या क्षणी कळलं. बाईंना तर पहिल्या शब्दालाच कळलं असावं. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला.