जिजींचा जवळचा रस्ता

जिजींबरोबर बाहेर पडलं की मोठा रस्ता सोडावाच लागायचा. भाजीला निघालो तरी त्या मला कुणाच्या ओट्यावरून, दोन घरांमधल्या बोळातून, वाळत घातलेल्या साड्या हाताने बाजूला सारत न्यायच्या. वाटेतल्या प्रत्येक खिडकीत डोकावून "काय शिजी राह्यनं व?" ही चौकशी चालूच. मी रिक्षाला हात केला, की तो धरून खाली ओढायच्या. "रिक्षा कसाले, बाई? आठेच ते शे." इथेच तर आहे! सुरतेतल्या कुठल्याही ठिकाणाबद्दल त्यांचं हेच मत होतं.

लग्न होऊन मी साताऱ्याहून सुरतेच्या गोडादऱ्यात आले आणि तिथल्या मराठी शाळेत शिकवू लागले. जिजी शेजारच्या घरात. मूळच्या अमळनेरकडच्या, यजमान पॉवरलूमवर होते, ते गेल्यावर मुलगा आणि त्या. घरात अहिराणी, वाण्याकडे गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि माझ्याशी या सगळ्याची मिसळ. मला त्यांची भाषा नीट कळायला वर्ष गेलं. त्यांना माझी पहिल्या दिवसापासून कळत होती.

आमच्या मागच्या शेताचे प्लॉट पडले आणि तिथे नवी सोसायटी उभी राहिली. तिथल्या कांताबेनशी जिजींची गट्टी जमली. कांताबेन सौराष्ट्रातल्या, गुडघ्यांनी अधू, घराबाहेर पडत नसत. दुपारी जेवणं आटोपली की जिजी मागच्या मोकळ्या जागेतून त्यांच्याकडे जायच्या आणि दोघी साड्यांवर टिकल्या चिकटवत बसायच्या. कधी शाळेतून परतताना मीही तिथे टेकायची. टिकल्या कमी आणि हसणं जास्त चालायचं.

मग त्या सोसायटीच्या कमिटीने मधे भिंत घातली. चोर येतात, पोरं बाइक घुसवतात, असं कारण दिलं. कांताबेनचं घर होतं तिथेच राहिलं, पण तिकडे जायचं तर आता मोठ्या रस्त्यावर निघून, ट्रक-टेम्पोंच्या गर्दीतून भलामोठा वळसा. जिजी तशाही जात राहिल्या. मी म्हटलं, "जिजी, फोन करा ना त्यांना."

"फोनवर च्या पेता येस का व?" त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

त्याच आठवड्यात रस्ता ओलांडताना त्यांना मोटारसायकलचा धक्का लागला. मनगट मोडलं. हाताला प्लास्टर घालून त्या घरी बसल्या, आणि बसून राहणं त्यांना मोडलेल्या हाडापेक्षा जास्त दुखत होतं.

रविवारी त्या सोसायटीची मीटिंग होती. जिजी मला घेऊन गेल्या. कमिटीचे प्रमुख म्हणाले, "माँजी, सेफ्टी का सवाल है. चोर आएगा तो?"

"चोर तो रस्ते से भी आएगा, भाई. मैं किधर से आऊं?"

लोक हसले. तेवढ्यात मुलाच्या खांद्याचा आधार घेत कांताबेन आल्या. खुर्ची ओढून मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "भींत तमे बांधी, हाथ एनो भांग्यो. दरवाजो मूको, नहीं तो हुं अहींथी उठवानी नथी." आणि खरंच उठल्या नाहीत. जेवणाची वेळ टळली, तरी कुणाला घरी जाता येईना. शेवटी भिंतीत माणूस जाईल एवढं दार ठेवायचं ठरलं. ते झाल्यावर आमची मुलंही त्यातूनच शाळेत जाऊ लागली.

पुढे जिजींच्या मुलाने भेस्तानच्याही पलीकडे, शहराच्या अगदी कडेला फ्लॅट घेतला. मी भेटायला गेले. सहापदरी रस्ता, उंच टॉवर, मधे नुसती मोकळी जमीन. दूध आणायलाही गाडी काढावी लागे. जिजी बाल्कनीत बसल्या होत्या. "मुलगा चांगला शे, सून चांगली शे," त्या म्हणाल्या. मग खालच्या मोकळ्या जमिनीकडे बोट केलं. "पण बाई, आठे काहीच 'आठे' नही शे." निघताना त्या लिफ्टने माझ्याबरोबर खाली आल्या. वाटेत दोन मजल्यांवर उतरून कुणाकुणाला मला दाखवलं.

गेल्या हिवाळ्यात जिजी गेल्या. गोडादऱ्याहून इतक्या बायका निघाल्या, की साड्यांचे गठ्ठे नेणारा टेम्पो करावा लागला. कांताबेनना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं.

टॉवरखालच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकली होती. माझ्या शेजारी टॉवरमधल्या दोघी बसल्या होत्या, एकमेकींपासून जरा अंतर ठेवून. एक डोळे पुसत म्हणाली, "जीजी मेरे यहां रोज आती थीं."

दुसरीने वळून पाहिलं. "मेरे यहां भी. आप कौन से फ्लोर पर?"

"चौथे पर."

"मैं पांचवें पर. आप ही का बेटा बीमार था न? जीजी रोज उसका हाल बताती थीं."

पहिलीने मान हलवली आणि सरकून तिला आपल्या जवळ जागा करून दिली.