घोटलेला कोबा

माझा धंदा कोब्याचा. सोसायट्यांची आवारं, बंगल्याच्या गेटपासून गाडी उभी राहते तिथपर्यंतचा उतार, बागेतल्या पायवाटा, मागच्या अंगणातल्या बसायच्या जागा. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जिथे कुठे माणसांच्या पायाखाली काँक्रीट लागतं तिथे मी असते. बाई बघून लोक आधी विचारतात, "ठेकेदार कुठे आहेत?" मी म्हणते, "समोर उभी आहे." मग ते सॉरी म्हणतात आणि ठरलेला दुसरा प्रश्न विचारतात. "वरून एकदम गुळगुळीत करून देणार ना?"

नाही देणार. या एका मुद्द्यावर माझी कितीतरी कामं हातची गेली आहेत. उघड्यावरचा कोबा भिजतो, सावलीत असला तर त्यावर शेवाळ धरतं, आणि त्यावरूनच कुणीतरी म्हातारं माणूस दुधाची पिशवी घेऊन जाणार असतं. म्हणून कोबा सपाट करून जरा आवळला, म्हणजे घट्ट व्हायला लागला, की मी त्यावर आडवा झाडू ओढते. बारीक रेघा उठतात आणि पाय धरून राहतो. बोरिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी ते बघून म्हणाले, "अहो, हे मांजराने ओरबाडल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, "दिसू दे की. पडणार तर कुणी नाही." मी हे इतकं ठासून बोलते त्याचं कारण आमच्या घरासमोरची वाट आहे.

आमची बैठी चाळ मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी. एका ओळीत आठ खोल्या, शेवटची आमची. तिथून गेटपर्यंत उतरती वाट, एका बाजूला खोल्यांचे उंबरे आणि दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत. भिंतीला मध्यावर बसायला एक कट्टा. लग्न होऊन मी पाच मिनिटांवर राहायला गेले, पण माझं माहेर म्हणजे अजून हीच खोली. तिथे आई आणि बाबा.

बाबा तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते एका गवंड्याच्या हाताखाली राहिले आणि काही वर्षांनी स्वतःच गवंडी झाले. त्यांचं नाव होतं ते घोटाईसाठी. ओला कोबा जरा आवळला की त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवायचं आणि गुडघ्यावर बसून लोखंडी थापीने घोटत राहायचं, पार हात भरून येईपर्यंत. कोबा तयार झाला की बाबा त्यावर तांब्याभर पाणी ओतत, खिशातून कंगवा काढत आणि त्या पाण्यात बघून भांग पाडत. भांग नीट दिसला तर काम पास. घरमालक हसायचे, पण पुढचं काम त्यांनाच द्यायचे.

आमच्या चाळीची वाट पूर्वी शहाबादी फरश्यांची होती. फरश्या उचकटलेल्या, पाय ठेवला की खालचं पाणी पिचकारीसारखं अंगावर यायचं. बाबांनी एका उन्हाळ्यात स्वतःच्या सुट्ट्या घालवून तिथे कोबा घातला आणि घोटला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आई त्यानंतर दर शनिवारी नारळाचं सोडण घेऊन ती वाट घासायची. तिने घासून घासून त्या कोब्याला अशी चकाकी आणली होती की पाहुणे चपला काढून चालायचे. नवऱ्याने केलेली आणि बायकोने राखलेली वाट. आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नव्हती, ते सगळं त्या वाटेवर होतं असं मला आता वाटतं.

त्याच वाटेवर आई पडली. गौरी यायच्या आदल्या दिवशी तिने वाट धुवायला घेतली होती. बादली उचलून वळली आणि पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळी बसली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, हाड जुळेल, पण चालायला हवं. रोज थोडं जास्त. आता अंथरुणात राहिल्या तर मग उठायच्या नाहीत.

आमच्या खोलीत वॉकर घेऊन चालायचं म्हणजे चार पावलांवर कपाट आणि चार पावलांवर मोरी. बाहेर पडायला हवं होतं. आई वॉकर घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची, वाटेकडे बघायची आणि मागे फिरायची. सत्तरीपर्यंत मासळीच्या बाजारात कोळणींशी घासाघीस करून सगळ्यात ताजा बांगडा आणणारी माझी आई स्वतःच्या दारातल्या वाटेला घाबरत होती. मला तिची कीव यायच्या आधी राग यायचा, आणि तो कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

बाबांचं म्हणणं, चूक चपलेची. त्यांनी तिला रबरी तळाची नवी चप्पल आणली. ती घालूनही आई उंबऱ्याबाहेर येईना. मग त्यांनी वाटेवर गोणपाटं अंथरली. त्यात वॉकरचा पाय अडकला आणि ती परत पडता पडता वाचली. पाय धरावा म्हणून मी कोपऱ्यात छिन्नीने टाचे मारून पाहिले, पण वॉकर त्या खड्ड्यांवरून खडखडत वाकडा जायचा. असे तीन आठवडे गेले. आईची पिंढरी माझ्या मनगटाएवढी झाली होती. त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "मी वाट फोडणार आहे."

बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "ह्यो कोबो मी घातलेलो आसा. फोडूचो नाय."

"बाबा, ती चालली नाही तर खाटेला खिळेल."

"तुका काय कळता घोटाई? तू झाडू मारणारी."

हे लागलं मला. मी ज्या कामावर उभी आहे ते त्यांनीच शिकवलेलं. मी उठले, भांडी घासली, जरा जोरातच घासली, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी चाळीत दारोदार फिरून सांगितलं की रविवारी काम सुरू. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चांगली धडधाकट वाट फोडतेस कशाला गं? वरून टाइल्स लाव ना, झकास दिसेल." मी त्यांना त्यांचा उंबरा दाखवला. वाट दोन बोटं वर आली असती तरी पावसाचं पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलं असतं. काकू म्हणाल्या, "मग फोड बाई."

रविवारी सकाळी माझी माणसं कोबा फोडायचा ब्रेकर घेऊन आली तर बाबा वाटेच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. पेपर उघडून. माझी माणसं माझ्याकडे बघायला लागली. आठही दारांत लोक. मी म्हटलं, "बाबा, उठा." त्यांनी पान उलटलं. मी म्हटलं, "मी खुर्चीसकट उचलून ठेवीन." आणि ठेवलंही असतं, माझं डोकं इतकं फिरलं होतं.

तेवढ्यात मागून वॉकरचा आवाज आला. आई उंबऱ्याशी येऊन उभी होती. पडल्यापासून ती कुणाकडे काही मागत नव्हती, पाणीसुद्धा नाही. ती म्हणाली, "उठा. माका भायर जाऊचा आसा."

बाबांनी पेपराची घडी घातली आणि ते खुर्ची घेऊन आत गेले.

त्यांचा कोबा फुटता फुटेना. ब्रेकरच्या दोन छिन्न्या बोथट झाल्या. मी लोकांचं कितीतरी काम फोडलं आहे, वर चकचकीत आणि आत भुसभुशीत. इथे तसं नव्हतं. वरचा थर निघाला तेव्हा खाली दगडांची सोलिंग निघाली, एकेक दगड हाताने बसवलेला, फटीत दगडाची कच ठोकलेली, आणि सगळ्याला गेटकडे अगदी नेमका उतार. मी त्यातला एकही दगड हलवला नाही. आत जाऊन बाबांना सांगितलं, "तुमची सोलिंग तशीच ठेवतेय. उतारही तुमचाच." त्यांची खुर्ची दाराशी सरकली.

माणसांना जायला-यायला जागा हवी म्हणून आम्ही वाट उभी अर्धी केली. आधी भिंतीकडची बाजू, ती पक्की झाल्यावर खोल्यांकडची. पहिल्या अर्ध्या भागासाठी मिक्सर लावला, माल ओतला, फळीने ओढून सपाट केला. मी झाडू भिजवून, झटकून हातात घेतला आणि वाकले.

"थांब," बाबा दारातून म्हणाले. "पाणी वर आसा अजून."

मी पाहिलं. उन्हात माझ्या बाजूने कोबा सुका दिसत होता, पण त्यांच्या कोनातून पाण्याची चमक दिसत असणार. त्या वेळी झाडू ओढला असता तर वरची साय सोलून निघाली असती. घाई माझी होती. आई रोज दारात येऊन बघत होती ना. मी झाडू भिंतीला टेकवला आणि बाबांच्या खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसले. कोबा आवळायची वाट बघत दोघं बसलो, लहानपणी बसायचो तसे.

ते समोर बघतच म्हणाले, "माझ्या कोब्यान पाडल्यान तिका. माका ठावक आसा."

मी एवढे दिवस त्यांना हट्टी म्हणत होते, आणि ते हे एकटेच घेऊन बसले होते. मी झाडू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान हलवली. "तूच मार. माका ता जमाचा नाय." मग उठून, वाकून अंगठा कोब्यात दाबून बघितला आणि म्हणाले, "आता मार."

मी गेटपासून वर येत झाडू ओढला. एका बाजूकडून दुसरीकडे, मध्ये न थांबता. बाबा रेघा मोजत असल्यासारखे बघत होते. एकदा म्हणाले, "हात दाबू नको." एवढंच.

दुसरी बाजू घातली त्या दिवशी आई दारात खुर्चीवर बसून होती. माल थोडा उरला. कट्ट्याचा वरचा थर ब्रेकरच्या हादऱ्याने फुटला होता, तिथे तो घातला. मी कट्ट्यावरही झाडू ओढायला गेले तर आईने हाक मारली.

"ता रवांदे. वाट तुझी, कट्टो तेंचो."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग उठून खाटेखालची त्यांची थापी काढली. मी स्वतःचा धंदा सुरू केला तेव्हाच त्यांनी ती तेल लावून कापडात गुंडाळून ठेवली होती. त्यांचे हात आता थरथरतात, चहाची बशी आवाज करते. त्यांनी कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि घोटायला बसले. तेवढ्याशा कट्ट्याला त्यांनी दुपार घेतली. माझी माणसं आवरून निघून गेली, मी थांबले. थापी मागितली नाही. मागायचा हात दोनदा पुढे झाला होता, तो मागे घेतला.

पाणी मारायचं काम बाबांनी कुणाला दिलं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ ओली गोणपाटं, आणि कुणी ओलांडून जाऊ लागलं की ओरडा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय रे बाबा यांचा पहारा, वाट लागली आमची."

मग गोणपाटं उचलली. आई उंबऱ्याशी आली. तिने नव्या चपला काढल्या आणि अनवाणी पाऊल वाटेवर ठेवलं. ते जरासं घासून बघितलं. मग वॉकर पुढे टाकला. मी एका बाजूला, बाबा दुसऱ्या. कट्टा आला तसे बाबा म्हणाले, "बस जरा हय."

"येताना," आई म्हणाली आणि चालत राहिली.

ती गेटपर्यंत गेली. कडी तिने स्वतः काढली, रस्ता दोन्हीकडे बघितला, भाजीवाला नेहमीच्या जागी आहे ना याची खात्री केली, आणि कडी लावून मागे वळली. चढ होता, तिला धाप लागली होती, ओठ घट्ट दाबलेले होते. कट्ट्याशी आल्यावर मात्र ती बसली. तळवा कट्ट्यावरून फिरवला. मधे एक लाट होती, हात थरथरला होता तिथे. तिच्या बोटांना ती लागली हे मला दिसलं. बाबांनाही दिसलं, ते भिंतीकडे बघायला लागले.

आईने मला आतून तांब्या आणायला सांगितला. तिने पाणी कट्ट्यावर ओतलं, ते त्या लाटेत थोडं साचलं. मग ती बाबांना म्हणाली, "कंगवो खय आसा तुमचो?"

बाबांच्या डोक्यावर आता भांग पाडण्याइतके केस नाहीत. त्यांनी खिशातून कंगवा काढला, वाकले आणि त्या पाण्यात बघून भांग पाडला.